फुकटची पिशवी

अड्याळच्या बाजारात एक म्हातारा कागद ठेवायला कप्पे असलेल्या कापडी पिशव्या फुकट वाटायचा. आम्हीही एक घेतली होती. महिन्याभरानं तो आमच्या घरी आला. म्हणाला, "कशी हाये जी पिशवी? काही खोट असन तं सांगा."

"फुकट काहून देऊन राहिला हा? शेतीचे कागद पाहाले आला असन," बाबा माझ्या कानात म्हणाले.

मी सांगितलं, एक कप्पा लहान आहे, सातबारा दुमडावा लागतो.

"कागद काढून घ्या, मंग द्या," म्हणत तो पाठ फिरवून उभा राहिला. मग ओट्यावर बसून त्यानं तो कप्पा उसवला आणि मोठा शिवला.

"याच्यात तुमचा फायदा काय जी?" बाबांनी विचारलंच.

"आमचं घर जळलं तवा कागद चार जागी होते. बायको ते काढाले पुन्हा आत गेली. बाहेर आली नाही."

तो गेल्यावरही बाबांनी एकेक कागद तपासला. मग सगळे पिशवीत भरून ती दाराजवळच्या खुंटीला टांगली.