एच-अकरावरचा पाहुणा

थिएटरात त्याला सगळे बॅटरीभाऊ म्हणत. अंधारात बॅटरी मारून लोकांना आपापल्या खुर्चीपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. सव्वीस वर्षांत त्याने एकही पिक्चर सलग पाहिला नव्हता. पडद्याकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड. तरी पिक्चर चालणार की पडणार हे तो पहिल्याच खेळाला सांगे. "बायका पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या की सहा आठवडे नक्की. पुरुष घड्याळ बघायला लागले की पोस्टर उतरवायला शिडी काढायची."

खुर्च्या त्याला आवाजावरून ओळखू येत. डी-चार कण्हायची. एच-दहा तर कुणी कूस बदलली की म्हशीसारखी हंबरायची. एकदा तिला तेल घातलं, तर तिचा सूर आणखी वर चढला.

बायकोला मात्र दोन वर्षं थिएटर बंद होतं. गुडघे गेलेले, आणि दारापर्यंत बावीस पायऱ्या. "मी वर पोचेपर्यंत तुमचा हिरो म्हातारा होईल," असं म्हणून ती विषय संपवायची. घरच्यांसाठीचा पास मग तिचा धाकटा भाऊ वापरायचा.

सोमवारी सकाळी हा मेहुणा उगवला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून म्हणाला, "ताई, बस. शुक्रवारी लागलेला पिक्चर!"

बॅटरीभाऊ आरशासमोर दाढी करत होता. "चोरीचा माल माझ्या घरात नको."

त्याला कारण होतं. मागच्याच महिन्यात वितरकाने मालकांना दम भरला होता, की तुमच्या थिएटरातून कॉपी निघाली तर नवा पिक्चर विसरा. आणि मालक बॅटरीभाऊला म्हणाले होते, "तसं झालं तर पहिला तू घरी."

"दाजी, सगळ्यांच्या फोनवर आलाय. तुम्ही नका बघू, दाढी करा."

बॅटरीभाऊने सवयीने पाठ फिरवली. फोनमध्ये हिरोची आई रडायला लागली आणि तेवढ्यात म्हैस हंबरली.

वस्तरा गालावरच थांबला. "ही आपली एच-दहा!"

चित्राच्या कोपऱ्यात पिवळा उजेड हलला आणि आवाज आला, "ताई, पाय जरा आत घ्या. सावकाश. पिक्चर कुठे पळून जात नाही."

"अगंबाई! अहो, हे तर तुम्ही!" बायकोने टाळीच वाजवली. "मागे घे रे, परत लाव." तिने तीनदा लावायला लावलं. "घरात कधी इतकं गोड बोलला नाहीत ते."

पण बॅटरीभाऊचं लक्ष चित्राच्या डाव्या कडेला दिसणाऱ्या खांबाकडे होतं. डावीकडे खांब, उजवीकडे म्हैस. मधे एकच खुर्ची. तो सावकाश मेहुण्याकडे वळला.

"एच-अकरा. शुक्रवारी तुला तिथे मीच बसवलं. वर 'नीट दिसतंय ना' असंही विचारलं!"

मेहुण्याचा चेहरा साबणापेक्षा पांढरा झाला. "ताईसाठी केलं, दाजी. तिला पायऱ्या चढवत नाहीत ना. आणि... ऑफिसातल्या दोघांना पाठवला."

"आणि त्या दोघांनी?"

मेहुणा शर्टाने फोन पुसत बसला.

बॅटरीभाऊ तसाच, अर्ध्या दाढीने, थिएटरवर गेला. मालकांच्या फोनवर कॉपी येऊन पोचलीच होती.

"पाच मिनिटं बघितली. अंधारात सगळी थिएटरं सारखीच दिसतात," ते म्हणाले. "तू कान लावून सांग. आपलं नसेल तर तुझ्या शब्दावर तसं लिहून देतो."

नाही म्हणणं किती सोपं होतं! म्हशीची ओळख पटवणारा दुसरा माणूस जगात नव्हता. पण मालक 'तुझ्या शब्दावर' म्हणाले होते.

"आपलंच आहे, मालक. एच-अकरा. मेहुणा माझा, पासही माझा."

मालकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "आणि ही अर्धी दाढी?"

"उरलेली करायला हात उचलला नाही."

"पास बंद," मालक शेवटी म्हणाले. "मेहुण्याने वितरकाकडे जाऊन स्वतः कबूल करायचं. पुढे आपलं काय होईल ते बघू. तू खोटं बोलला असतास तर मला कळलंही नसतं, म्हणून बॅटरी तुझ्याकडेच राहील. पण शिक्षा आहे. खेळभर पडद्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कुणाच्या हातात फोन दिसतो का बघायचं."

बॅटरीभाऊने मान खाली घालून शिक्षा स्वीकारली. तिच्यात नवीन काय, हे विचारायची ती वेळ नव्हती. त्याने एकच गोष्ट मागितली. खेळ सुटल्यावर लोक ज्या मागच्या दाराने बाहेर पडत, त्याला पायऱ्या नव्हत्या. त्या दाराने आजवर त्याने कुणाला आत घेतलं नव्हतं. आता एका माणसाला घ्यायचं होतं, तिकीट काढून.

गुरुवारी दुपारच्या खेळाला त्याने बायकोच्या पायांपाशी उजेड धरला. "ताई, सावकाश..."

"ताई काय? बायको आहे मी!"

तिला एच-अकरावर बसवून तो आपल्या जागी, पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. विनोद झाला आणि सगळं थिएटर एकदम हसलं. हेच हसू सोमवारी फोनमध्ये डब्यात चणे खुळखुळावेत तसं वाजलं होतं. इथे ते त्याच्या छातीवर येऊन आदळलं. बायकोच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड निळा होत होता, पिवळा होत होता, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग ती पर्समध्ये चाचपडायला लागली.

सहा आठवडे नक्की, बॅटरीभाऊ मनात म्हणाला. रुमाल तिला सापडेना, तेव्हा त्याने पुढे होऊन पर्सवर उजेड मारला.

"अहो, बंद करा ती!" ती नाक ओढत पुटपुटली. "लोक पिक्चर बघतायत."