पितळी पाटीचा दगड

गॅरेज आवरताना आईच्या चपला सापडल्या आणि टेक्सासमधली ती दुपार आठवली. हायवेलगत पितळी पाटी लावलेला दगड दिसला, तर नागपूरहून आलेल्या आईला ती कुणाची समाधीच वाटली. चपला काढून तिने हात जोडले.

"आजी, डोन्ट!" पाटी वाचणारी माझी लेक ओरडली. तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव जाळणाऱ्यांचा तो गौरव होता. मी आईला तसं सांगितलं.

"आणि मेलेल्यांचा दगड?"

"नाही."

आई चपला हातात घेऊनच तापलेल्या गवतातून गाडीकडे निघाली.

"अगं आई, पाय भाजतील!" मी चिडले.

"कुठे पुरलंय त्यांना, कोणाला माहीत?"

आज त्याच चपला हातात धरून मी गॅरेजच्या सिमेंटवर उभी आहे. घर घेताना आम्ही शाळा पाहिली, छप्पर तपासून घेतलं. खाली कोण आहे, ते मात्र विचारलंच नाही.