गुडदाणीवाल्याची साखर

डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरली होती. नळीत निळं औषध आणि त्यात माझ्या लघवीचे काही थेंब. बघता बघता निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी भाजलेल्या विटेचा रंग आला. डॉक्टरांनी नळी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली आणि म्हणाले, "रामभाऊ, तुमच्या दुकानातली गुडदाणीसुद्धा इतकी गोड नसेल. तुम्हाला डायबेटिस आहे. म्हणजे मधुमेह. अंगातली साखर अंगी लागत नाही, लघवीवाटे वाहून जाते."

मला राग आला. मी गेलो होतो एका कामाला आणि हे गृहस्थ भलतंच काढून बसले होते. माझं दुखणं पुरुषपणाचं होतं. ते तोंडातून काढताना मला भट्टीपुढे फुटतो तसा घाम फुटला होता, आणि यांनी उत्तर म्हणून माझ्या हातात लघवीसाठी बाटली दिली होती. मी म्हणालो, "साखरेचं राहू द्या साहेब, आधी माझं बघा."

"अहो, तुमचंच बघतोय," ते म्हणाले.

हे मी लिहितो आहे ते ज्यांना हे दुखणं आहे आणि जे ते कुणालाच सांगत नाहीत त्यांच्यासाठी. वाचून कुणी हसलं तरी चालेल. आम्हीही पुढे पुष्कळ हसलो.

माझं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. गूळ, शेंगदाणे आणि तूप यांची गुडदाणी करणं हा वडिलांपासूनचा धंदा. पाक झाला की नाही हे मी दातांनी ओळखायचो. थेंब गार पाण्यात टाकायचा, दाताखाली धरायचा, कट्कन तुटला की कढई उतरवायची. तुटलेला थेंब थुंकण्याची आमच्या घराण्यात पद्धत नव्हती. दिवसभरात किती गूळ पोटात जात असेल याचा हिशेब मी कधी केला नाही.

पहिली बायको तापाने गेली. मग बरीच वर्षं एकटा राहिलो आणि चाळिशी उलटल्यावर नवलाख उंबरे गावच्या सगुणाशी माझा पाट लागला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं, आणि नाही पटलं तर काडीमोडही चालते. सगुणा तिशीची, हाडापेराने मजबूत आणि बोलायला फटकळ. ती गल्ल्याजवळ बसायला लागल्यापासून उधारीवाले दुसऱ्या गल्लीने जायला लागले. मला ती फार आवडली. आजही आवडते, हे आधीच सांगून टाकतो.

पहिले काही महिने सुखात गेले. मग हळूहळू शरीर ऐकेनासं झालं. मन असायचं, अंग नसायचं. कधी सुरुवात व्हायची आणि मधेच सगळं विझायचं. मग मीच सबबी काढायला लागलो. आज भट्टीचा शीण आहे, आज पाठ धरली आहे. शेवटी तर ती आत येण्याआधीच भिंतीकडे तोंड करून घोरायला लागलो. खोटं घोरणं किती अवघड असतं हे ज्याने केलं असेल त्यालाच माहीत.

तहान फार लागायची, पण भट्टीपुढच्या माणसाला तहान लागणारच. वजन उतरलं, तर लोक म्हणाले उन्हाळा आहे. मोरीत मुंग्यांच्या रांगा लागायच्या, पण गुडदाणीवाल्याच्या घरात मुंग्या नसतील तर कुठे असतील? कुंभाराच्या घरी चिखल बघून कुणी दचकत नाही. आमच्या घरात मुंग्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

स्टेशनावर टांगा लावणारे करीमभाई माझे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना आडून आडून सांगितलं. ते म्हणाले, "रामभाऊ, अंगात ताकद न्हाई तुमच्या. खारीक खावा, आटीव दूध प्या." मी दोन्ही सुरू केलं. वडगावच्या वैद्यांनी मुसळी पाक दिला, त्यात मुसळी कमी आणि साखर जास्त. माझ्या धंद्यामुळे माझा समज असा की औषध जितकं गोड तितकं गुणकारी. म्हणून त्यात मी घरचा गूळही कालवायचो. जितकं खाल्लं तितकं अंग उतरत गेलं, आणि जितकं अंग उतरलं तितकं मी आणखी खाल्लं.

वर्तमानपत्रातली जाहिरात बघून विजेचा पट्टाही मागवला. तो कमरेला बांधला की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, त्यापलीकडे काही नाही. सगुणाला वाटलं मी पैसे लपवून कमरेला बांधतो. तिने दोन दिवस अबोला धरला.

एके दिवशी सकाळी ती दुकानात शेंगदाणे पाखडत होती. गिऱ्हाईक नव्हतं. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "एक इचारते. मी तुमाला आवडत न्हाई का? पहिलीची याद येत असंल तर तसं सांगा. अधिक महिन्यात धोंड्याला उंबऱ्याला जायाचंच हाय. तितंच काडी मोडू. मी काय रडनार न्हाई."

ती रडणार नव्हती, पण मी रडलो असतो. भट्टी विझवली, टोपी घातली आणि डॉक्टरांकडे गेलो. ते पूर्वी लष्करी दवाखान्यात होते, आता लोणावळ्यात बंगल्याच्या पडवीत रोगी तपासायचे.

नळीचा प्रकार झाल्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नीट समजावलं. या दुखण्याला इंग्रजीत इंपोटन्स म्हणतात. इच्छा असूनही इंद्रियाला ताठरपणा न येणं, किंवा येऊन न टिकणं. ते म्हणाले, "हा स्वतः रोग नव्हे, बऱ्याच रोगांची खूण आहे. तिथे रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि निरोप पोचवणाऱ्या नर्व्ह्ज, म्हणजे मज्जातंतू, असतात. साखर दोन्ही खराब करते. तंबाखू आणि दारूही करतात. कुणाच्या पाठीच्या कण्याला मार लागलेला असतो, कुणी झोपेसाठी ब्रोमाइड घेत असतो, त्यानेही होतं. आणि पुष्कळांना फक्त काळजीने होतं."

त्यांनी गुडघ्यावर लहानसा हातोडा मारून पाहिला, पावलांवरची नाडी पाहिली. मग विचारलं, "पहाटे जाग येते तेव्हा कधी ताठरपणा असतो का?"

मी पायांकडे बघत म्हणालो, "कधीमधी असतो."

"मग यंत्र मोडलेलं नाही. पहिल्यांदा साखरेने दगा दिला, आणि पुढे दर वेळी भीतीने. दोघींनाही काढू."

मी पट्ट्याचं, पाकाचं सगळं ओकलो. पाकाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. बाजारात एका जडीबुटीवाल्याकडून घेतलेल्या काळ्या गोळ्या खिशात होत्या, त्या बाहेर फेकून द्यायला लावल्या. असल्या गोळ्यांत कुचला नाहीतर सोमल असतो, दोन्ही विषं, असं ते म्हणाले. माकडाच्या ग्रंथींच्या अर्काची सुई मोठ्या शहरांत टोचतात असं मी ऐकलं होतं, तेही विचारलं. ते म्हणाले, "त्याने डॉक्टरला बंगला होतो, रोग्याला काही होत नाही." इन्शुलिन नावाची मधुमेहाची खरी सुई निघाली आहे, पण आपण आधी जेवण बदलून बघू, साखर नाही उतरली तर ती आहेच, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "उद्या बायकोला घेऊन या."

"तिला कशाला?"

"स्वयंपाक तुम्ही करता का?"

दुसऱ्या दिवशी सगुणा पदर डोक्यावर ओढून खुर्चीच्या टोकावर बसली. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बोलले, पण सगळं स्पष्ट बोलले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजी ह्येंचं माज्यावरलं मन उडालं न्हाई?"

"अजिबात नाही. मन आहे म्हणूनच घाबरतात."

ती पदराने डोळे पुसायला लागली आणि पुसता पुसता हसायलाच लागली. "मग ह्ये तोंडानं सांगाया काय झालतं? मी इतकं दिस आरशात बघून बघून दमले." डॉक्टरही हसले. मला हसावं की जमिनीत जावं हे कळेना, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

पथ्य असं मिळालं. गूळ, साखर, खारीक, आंबा बंद. भात जवळजवळ बंद. मावळच्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे माशाला पाणी सोड म्हणणं. बाजरीची भाकरी बेताची, वर पालेभाजी, उसळ, ताक, अंडी. तंबाखू बंद. रोज भुशीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. आणि शेवटचं पथ्य सगळ्यात चमत्कारिक. महिनाभर एकत्र निजा, बोला, हसा, पण त्या वाटेला जायचं नाही, सक्त मनाई. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती उरत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं.

पाक चाखायचं काम सगुणाने काढून घेतलं. मी कढईजवळ गेलो की ती उलथनं उगारायची. निळ्या औषधाची बाटली आणि नळी डॉक्टरांनी दिली होती. रोज सकाळी सगुणा नळी दिव्यावर धरायची आणि मी अंगणात परीक्षेच्या निकालाला थांबलेल्या पोरासारखा ताटकळायचो. आठवडाभर वीट. मग पिवळं. मग एकदा तिने आतून हाक मारली, "अवो, हिरवं झालंया." आम्ही त्या आनंदात दोन अंडी जास्त खाल्ली.

संध्याकाळी भुशीला ती माझ्याबरोबर यायची. नवरा-बायको कामाशिवाय चालत निघालेली बघून लोक माना वळवायचे. तिच्या पहिल्या सासरच्या गोष्टी, माझी पहिली बायको, आम्ही कधी न काढलेले विषय त्या रस्त्यावर निघाले. मनाई असल्यामुळे मी पुन्हा तिचा हात धरायला लागलो होतो. आधी तेही सोडलं होतं, कारण हात धरला की पुढचं आलं.

आणि अधिक वैशाख उजाडला. अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे गूळ-पुरण भरलेले गोळे, वर तुपाची धार. जावई म्हणजे नारायण, त्याने पान टाकून उठायचं नाही. डॉक्टर म्हणाले जाऊ नका. पण न जावं तर पाटाच्या बायकोचं माहेर हलकं मानलं असं गावात झालं असतं.

रेल्वेने तळेगावला उतरून बैलगाडीने आम्ही उंबऱ्याला गेलो. ओटीवर पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. सासूबाईंनी ताटात धोंड्यांचा डोंगर रचला. मी उसळीला हात लावला, कोशिंबीर खाल्ली, धोंड्यांकडे बघितलं नाही. मेहुणा महादू दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पाव्हणं, आमचं ग्वाड लागंना व्हय? का मनातच काय येगळं हाय?"

सगुणाने काडीमोडीचं माहेरी कळवलं होतं हे मला तेव्हा समजलं. मी काहीही बोललो असतो तरी सबब ठरली असती. मी धोंडा उचलला. एकदा खाल्ल्याने काय होणार, असं मनात म्हटलं, आणि तेवढ्यात माझ्यापुढचं ताट सरकलं.

सगुणा माझ्या शेजारी येऊन बसली होती, सगळ्या बाप्यांच्या देखत. माझ्या हातातला धोंडा काढून घेऊन तिने स्वतःच्या तोंडात घातला. म्हणाली, "ह्येंच्या रक्तात साखर झालीया. एक धोंडा खाल्ला तर इतक्या दिसांची मेहनत मातीत. अर्धं अंग मी हाय, म्हनून मी खाते. कुनाला नारायनाची काळजी असंल त्यानं मला तूप वाढावं."

महादू म्हणाला, "पर तूच तर काडी मोडायची म्हनत हुतीस."

"ते मला ठावं नव्हतं तवा. आता ठावं झालंया."

सासूबाईंनी लेकीच्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं. बायकांना काय दिसतं कोण जाणे. त्यांनी तुपाची तांबली लेकीच्या ताटावर रिकामी केली आणि मला म्हणाल्या, "जावयबापू, तुमाला भाकरी-पिठलं आनते. तिला खाऊ द्या, लय दिसांनी हसाया लागलीया." सगुणाने एकूण एक धोंडे संपवले आणि मग पोट धरून माजघरात आडवी झाली. इतक्या अभिमानाने मी कधी भाकरी खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोणावळ्याला घरी आलो. दुकान उघडायचं होतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, मी तिच्या धोंडे खाण्याची नक्कल केली, ती मला मारायला धावली. पुढचं सांगत नाही. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही. महिना पुरा व्हायला अजून बरेच दिवस होते.

डॉक्टरांपुढे मी अपराध्यासारखा उभा राहिलो आणि मनाई मोडल्याचं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "रामभाऊ, मी दिलेल्या पथ्यांत मोडण्यासाठी दिलेलं तेवढं एकच होतं."

मी पंचविशीचा झालो असं समजू नका. अजूनही कधी अंग नाही म्हणतं. तेव्हा आम्ही गप्पा मारतो आणि झोपतो, खरंखुरं घोरतो. साखर पूर्ण गेलेली नाही, जाणारही नाही असं डॉक्टर सांगतात. भात महिन्यातून एकदा मिळतो, तोही मूठभर.

परवा एक माणूस दुकानात आला. माझ्याहून तरुण, चांगल्या अंगाचा. पावशेर गुडदाणी घेतली, पैसे दिले, तरी जाईना. फळीवरचे डबे बघत राहिला, मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "भाऊ, तुमाला म्हनं एक दुखनं हुतं." आमची गोष्ट मावळभर कुणी केली ते मला माहीत आहे. करीमभाईंच्या टांग्यात बसलेला माणूस रिकाम्या कानाने उतरत नाही. पूर्वी मी भट्टीत उडी मारली असती. आता स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणालो, "होतं. बसा. सगळं सांगतो."

तो बसणार तेवढ्यात आतून सगुणाचा आवाज आला. "पाव्हणं, हिकडं न्हाई. आदी घरी जा. कारभारनीला घिऊन या, मग दोगंबी बसा."

तो लाल होऊन निघून गेला. मला वाटलं आता कसला येतो. आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा फळीपुढे दोघं उभी होती, आणि बाई त्याच्या पुढे होती.