शेततळ्याचा दोर

हेमांगी धुळ्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स होती. बुडालेला माणूस तिथे आला की पुढचं सगळं तिच्या हातवळणीचं होतं: घशात नळी, व्हेंटिलेटर, मग वाट पाहणं. शेततळ्यात बुडालेला तोताराम नावाचा शेतकरी असाच वाचला, पण त्याने बायकोला ओळखलं नाही. बायको, कमलबाई, रोज येऊन त्याचे हात ओल्या फडक्याने पुसायची.

"गावात सगळ्यांना पोहायला शिकवलं पाहिजे," हेमांगी एकदा सहज बोलून गेली.

"त्यास्ले पव्हता येतं व्हतं, सिस्टर," कमलबाई म्हणाली. "तापीमां पव्हेत. पन तळामाईन वर निंघता उनं नही. प्लास्टिकवर पाय टिकेच नही."

हेमांगी चोपड्याकडच्या केळीवाल्यांची लेक. वडिलांच्या, आबांच्या, मळ्यातही तळाला आणि उतारांना प्लास्टिक अंथरलेलं तसंच शेततळं होतं. पुढच्या सुट्टीला ती माहेरी गेली, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आबांच्या हातात दिलं आणि पाण्यात उतरली.

"तुले येड लागनं का?" आबा म्हणाले, पण दोर त्यांनी घट्ट धरला.

ती पट्टीची पोहणारी. कडेला आली, हात टेकला आणि घसरून परत आत गेली. गुडघे टेकून पाहिले, नखं रुतवून पाहिली. शेवाळलेल्या प्लास्टिकवर काहीच टिकेना, दम मात्र संपत चालला. शेवटी आबांनीच ओढून काढली. 

तिने पीएचडीला हाच विषय घेतला. जळगावच्या विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शक सुलक्षणा मॅडमनी आखणी पक्की करून दिली. निम्म्या गावांतल्या तळ्यांत गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब सोडायची, उरलेल्या गावांत काहीच करायचं नाही, फक्त कोण बुडालं याची नोंद ठेवायची. मग तुलना.

जळगावच्या बसमध्ये तिची चेलनाशी ओळख झाली. धुळ्याच्या कापड दुकानदार लखीचंद शेठची ही मुलगी क्वांटम भौतिकीत संशोधन करत होती. तिचं सगळं काम इतक्या बारीक कणांवर चाले, की मोजायला गेलं तरी त्यांची अवस्था बदले. हेमांगीला त्यातलं अर्धंमुर्धं कळायचं, पण दोघींना एकमेकींच्या कामाचं ऐकायला आवडे.

घोळ झाला पिंपळनेरकडच्या एका गावात. ते गाव बिनदोराच्या यादीतलं. हेमांगी नोंदी घ्यायला गेली, तर दोन बाया तळ्याच्या उतारावर उकिडव्या बसून गोधड्या धूत होत्या, पाय पाण्यात. तिने नोंदवही मिटली. मग तिने त्यांना वर बोलावलं आणि आपल्यावर काय बेतलं होतं ते सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला त्या गावातल्या बऱ्याच तळ्यांत दोर दिसले. शेजारच्या बिनदोराच्या गावांतही दिसले. सोयरेधायरे सगळीकडे होतेच.

"तुलनाच गेली, हेमांगी," सुलक्षणा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दोन वर्षांचं काम आहे हे."

परतीच्या बसमध्ये तिने चेलनाला विचारलं, "तुझं असं बिघडलं तर काय करतेस?"

"काय बिघडलं ते लिहून ठेवते आणि नवी मोजणी सुरू करते." चेलना म्हणाली. "तू नवी सुरू करू नकोस. नुसतं लिही."

हेमांगीने तसंच लिहिलं. आखणी कुठे मोडली, कोणी मोडली आणि का, हे प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण झालं. बाकीचा भर तिने बुडालेल्यांच्या घरच्यांच्या मुलाखतींवर दिला, पहिली कमलबाईची. परीक्षकाने तोंडी परीक्षेत बोट ठेवलंच, "तुम्ही संशोधक म्हणून गेला होतात की नर्स म्हणून?"

"नर्स म्हणूनच गेले होते, सर," ती म्हणाली. दुरुस्त्या सांगितल्या गेल्या, एक वर्ष आणखी गेलं, पदवी मिळाली.

सगळंच गोड झालं असं नाही. सोनगीरजवळ कुणी तळ्यातले दोर काढून बैलांना बांधले. तोताराम अजून अंथरुणावरच आहे.

परवा दवाखान्याच्या दाराशी पिंपळनेरकडचा अभिमन नावाचा शेतकरी तिला विचारत आला. पंपाच्या नळीच्या पाण्यातल्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह साफ करताना तो तळ्यात घसरला होता, दोर धरून आपला आपण वर आला होता. त्याची तक्रार वेगळीच होती.

"ट्यूब फुटनी, अक्का," तो म्हणाला. "दुसरी कोठे भेटी?"

हेमांगीने त्याला टायरवाल्याचं दुकान सांगितलं आणि ड्युटीवर गेली.