रांगेतला डबा

"अवो शबाना, दे न आता! हात लावून पाह्यला मी, कोरडी आहे," वंदनाताई म्हणाल्या आणि मोटर उचलायला वाकल्यासुद्धा.

"वरून कोरडी आहे, ताई. आतून ओली आहे."

दारव्ह्यात अब्बांच्या मागे मी त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान चालवते. वंदनाताईंची पिठाची गिरणी पलीकडच्या गल्लीत. तिची मोटर जळली होती. जळलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, तिला वार्निश पाजायचं, एवढं माझ्या हातात. वाळणं माझ्या हातात नाही. मोटरच्या पोकळीत मोठा बल्ब सोडायचा, वर पत्रा झाकायचा आणि बसायचं. मग मेगर लावायचा. तारेतला करंट बॉडीत गळतो का, ते हे मीटर सांगतं. आत ओल असली की काटा चढत नाही, आणि तशीच मोटर चालवली तर पुन्हा जळते. त्यात दोन दिवस आभाळ भरलेलं.

खरं सांगू? ताईंपेक्षा घाई मलाच होती. गिरणीत डब्यांच्या रांगेत माझाही डबा होता. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायच्या रोडग्यांसाठी जाडे दळायचे गहू. माझा नवरा साजिद मस्कतला वेल्डर आहे, आणि रोडगे म्हणजे त्याचा जीव की प्राण. रविवारी तो येणार होता. मागच्या ईदला सुट्टी पुढे गेली, त्याच्या आधीच्या ईदलाही गेली. या वेळी तिकीट काढलेलं होतं.

दुपारी त्याचा फोन आला. "शब्बो, मेरी जगह आनेवाला आया नहीं. छुट्टी आगे गई."

"कब तक?"

"पता नहीं."

"तो अब आओ ही मत!" म्हणाले आणि फोन कापला.

डोकंच फिरलं माझं. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींची लेकरं शाळेत जातात, आणि आमचा संसार अजून फोनवरच. माझं आयुष्य सुरू तरी कधी होणार? बल्ब काढला, पत्रा भिरकावला. "घ्या ताई, न्या मोटर. चालली तर चालली."

सकाळपासून तगादा लावणारी बाई जागची हलली नाही.

"मी नाही नेत."

"काहून? आत्ताच त मांगून राह्यल्या होत्या!"

"तवा तू नाही म्हणत होती, म्हणून मांगत होती. आता तू रागानं देऊन राह्यली. जळली त पुन्हा तुह्याच दारात यावं लागन मले."

त्यांनी स्वतःच बल्ब आत सोडला. "माय वो, भाजला हात!" ओरडल्या, तरी पत्रा झाकूनच बसल्या. मग मी रडले. पोटभर रडले. ताईंनी एकदाही गप्प बस म्हटलं नाही, चहा तेवढा मागवला.

डोळे पुसून मी विचारलं, "लोकांनी डबे दुसरीकडे नेले असतील न?"

"एकानंही नाही उचलला. शेजारून पीठ मांगून राह्यले, मले शिव्या देऊन राह्यले, पण डबा तिथंच. नंबर कोण सोडते?"

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मेगर लावला, काटा चढला. मोटर बसवली, पट्टा टाकला, गिरणी सुरू झाली. एकेक डबा सरकत माझा पुढे आला. ताई थांबल्या.

"दळू?"

पीठ करून ठेवलं की त्याला जाळी धरते. गहू टिकतात.

"राहू द्या. तो आल्यावर दळा."

ताईंनी डबा उचलला आणि रांगेच्या शेवटी ठेवला. मी तिथूनच साजिदला फोन लावला. म्हटलं, "गेहूँ रखे हैं. आओगे तब पिसवाऊँगी." "मोटा पिसवाना," तो म्हणाला.

ओली मोटर ओरडून वाळत नाही, आणि बल्ब काढून घेतला तर मुळीच वाळत नाही. धंद्यातून मी शिकले ते एवढंच.

डबा अजून रांगेत आहे. नंबर आला की ताई तो पुन्हा मागे ठेवतात. रोजचं दळण न्यायला गेले की मी झाकण उघडून बघते, किडा तर लागला नाही ना. आजही बघितलं. गहू चांगले आहेत.