विश्वनाथला पक्कं का केलं नाही

आमच्या हळदीच्या कारखान्यात दुपारी बायका डबे उघडतात, पण भाकरीच्या आधी किस्से बाहेर येतात. मी वसमतच्या या कारखान्यात हळद निवडणाऱ्या बायकांवर सुपरवायझर, त्यामुळे सगळं माझ्या कानावर येतंच. पण विश्वनाथ हमाल आल्यापासून एकट्या त्याचेच किस्से इतके साठलेत की बाकीच्यांचे मागे पडले. बायका ते हसत सांगतात. मला मात्र सांगताना संताप येतो, हे आधीच सांगून ठेवते!

*

विश्वनाथ जवळा बाजारकडचा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं. यानं काठी घातली, भावाचं डोकं फुटलं. शिक्षा झाली, ती पूर्ण भोगून बाहेर आला. काम मागायला आला तेव्हा हे सगळं त्यानं मॅनेजरसाहेबांना स्वतःच सांगून टाकलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे सांगितलंस कशाला? न सांगता आला असतास तर लगेच घेतला असता!"

"अन् मागून कोणी सांगितलं असतं तर?"

"तर काढून टाकला असता!"

*

सीझन ऐन भरात होता, हमाल मिळत नव्हते. मी भांडले म्हणून घेतला, पण ट्रायलवर. पक्कं झालं की पावसाळ्यातही काम राहतं, नाहीतर सीझन संपला की बसा घरी. विश्वनाथला तेवढंच हवं होतं. बाकीच्यांची ट्रायल आठवडाभरात संपते. याची दोन सीझन झाले तरी चालूच आहे!

*

एकदा स्टोअरची किल्ली हरवली. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागलेला. साहेबांनी विश्वनाथला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "जरा ते कुलूप उघडून दे ना."

"साहेब, मी मारामारीत गेलो व्हतो. चोरीत न्हाई."

"अरे, पण आत शिकला असशील की!"

"आत मी सतरंजी विणायला शिकलो. विणून देऊ का एक?"

बायका पोट धरून हसल्या. पण साहेबांच्या मनात ते आलं कसं? गुन्हा कुठला का असेना, जेलातून आला म्हणजे सगळं येत असणार! किल्ली शेवटी साहेबांच्याच गाडीत सापडली, ते जाऊ द्या.

*

हमालाला पोतं ओढायला लोखंडी हूक लागतो. सगळ्यांना असतो. विश्वनाथला दिला नाही! तो उघड्या हातानं पोती ओढायचा, बोटं सोलून निघायची. मी तावातावानं केबिनमध्ये गेले.

साहेब म्हणाले, "ताई, सेफ्टी बघावी लागते. त्याच्या हातात हत्यार कसं द्यायचं?"

विश्वनाथ तेव्हा तिथंच झाडत होता. म्हणजे हमाली झाली की गोदाम आणि केबिन झाडायचं कामही त्याच्याच गळ्यात! तो वर न बघताच म्हणाला, "साहेब, मी तर काठीनं मारलं व्हतं. मंग हा झाडू काहून देऊन राहिले? ह्याला बी दांडा हाय!"

दुसऱ्या दिवशी हूक मिळाला. झाडूही राहिला.

*

मग आला कॅमेरा. "सगळ्यांसाठी आहे, मनाला लावून घेऊ नका," असं साहेबांनी जाहीर केलं. आणि तोंड कुठं? बरोब्बर विश्वनाथ जिथं पोती रचतो तिथं!

पुढच्याच महिन्यात भरदुपारी मागच्या गेटनं हळदीची पोती गेली. पोलीस आले. साहेबांनी बोट दाखवायच्या आधीच सगळ्यांच्या माना विश्वनाथकडे वळल्या होत्या. त्यात माझ्या बायकाही होत्या, ज्यांचे डबे तो रोज उचलून सावलीत ठेवतो! त्याचा चेहरा एवढासा झाला.

हवालदारानं बसून फुटेज पाहिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा विश्वनाथ, पोती रचतोय, घाम पुसतोय, पाणी पितोय, पुन्हा रचतोय.

हवालदार उठला. "साहेब, हा चोर न्हाई, एवढं पक्कं झालं. आता बाकीच्या सगळ्यांनी लाइनीत उभं राहा!"

*

तरी पक्कं केलं नाही ते नाहीच. कोर्टानं दिलेली शिक्षा संपते हो, पण आपण दिलेली कधी संपवायची? साहेबांना विचारलं की कारण तयार असायचं. "करू की. पण तो डोकं फुटलेला भाऊ उद्या कारखान्यावर चालून आला, तर रिस्क कोण घेणार?"

परवा तो आला.

गेटवर हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर थांबला. डोक्याला टोपी घातलेला धिप्पाड गडी खाली उतरला आणि गरजला, "विश्वनाथ कुठंय? सांगा, चुलतभाऊ दत्ता आलाय!"

वॉचमन पळत आत. साहेबांनी विश्वनाथला मागच्या गोदामात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा कोंडलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गेले आणि कडी काढली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ द्या.

विश्वनाथ बाहेर आला. दत्तानं त्याला खालून वर न्याहाळलं.

"वाळून राहिला रे तू. हे धर, तुझ्या वहिनीनं भाकरी देल्ली. आधी खाय, मंग पोती उतरवू."

साहेब केबिनच्या दारातून हळूहळू पुढं आले. "तुम्ही... भांडायला नाही आलात?"

"हळद घेऊन कोण भांडाया येतंय? त्यानं जेल भोगली, मी टाके भोगले. फिटलं आमचं." मग दत्ता जरा जवळ सरकला. "पण ह्याला पक्कं काहून करून न्हाई राहिले तुमी?"

"अहो, यानं तुमचं डोकं फोडलं होतं!"

दत्तानं टोपी काढली. कपाळापासून मागपर्यंत गेलेल्या व्रणावरून सावकाश हात फिरवला.

"डोकं तर माझं फुटलं व्हतं, साहेब. तुमचं काहून दुखून राहिलं?"