ताण्याएवढी जागा

आमची गल्ली लांबीला किती, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, एक ताणा. फुटात की वारात ते कुणाला ठाऊक होतं? वरच्या अंगाला कडुनिंब, खालच्या अंगाला हौद, आणि दोन्हींच्या मधे एक ताणा बरोबर बसायचा. झाली गल्ली.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ताणा म्हणजे कापडातलं उभं सूत. मागावर चढवायच्या आधी ते लांबच्या लांब ताणून धरायचं, त्याला खळ लावायची आणि वाळवायचं. खळ नसली तर सूत मागावर टिकत नाही, तटातट तुटतं. आता एवढं लांब सूत घरात कुठं ताणणार? म्हणून गल्लीत. आमच्या सोलापूरच्या पूर्वेच्या भागात उजाडलं की गल्लोगल्ली ताणे लागलेले दिसायचे. दोन-दोन बांबू आडवेतिडवे बांधून केलेल्या फुल्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं सूत, आणि दोन्ही अंगांना बाया बसलेल्या, तुटलेले धागे सांधत. कुणाला पलीकडं जायचं असेल तर वाकून खालून जायचं. सायकलवाल्यानं उतरून उभं राहायचं. एकदा एका नवरदेवाची वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडली, तर त्याच्या मामानंच सांगितलं, "सूत वाळू द्या, मग वाजवा."

या सगळ्याच्या मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला अत्तम्मा म्हणतात. घरात तेलुगू, दारात मराठी आणि समोरच्या घरातल्या मुसलमान शेजारणीशी, खालांशी, दखनी, असं त्यांचं चालायचं. तिन्ही भाषा त्यांना येत, आणि तिन्हींत रागावता येई. खळ आदल्या संध्याकाळी त्याच शिजवायच्या. मंद्रूपच्या बाजाराची ज्वारी, घरी दळलेली, वरून थोडं तेल. सकाळी दोन बोटं बुडवायच्या, बोटं एकमेकांपासून लांब करून बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या "हं"वर आख्खी गल्ली उठायची. कुणी फुल्या मांडायचं, कुणी टोक कडुनिंबाला बांधायचं, कुणी कुत्री हाकलायचं.

खळ लावायचा कुंचा मोठा, दोघांनी दोन अंगांनी धरून ओढायचा. बाकीच्या गल्ल्यांत ते काम गडी करायचे. आमच्या गल्लीत एका अंगाला अत्तम्मा आणि दुसऱ्या अंगाला समोरच्या खाला. मधे ओलं सूत, आणि या दोघी बोलत बोलत कडुनिंबापासून हौदापर्यंत.

"अम्मा, जरा आहिस्ता. मेरे घुटने तुम्हारे वास्ते नै बनाए अल्लानं."

"मग कुणासाठी बनवले गं? घरात बसून चहा प्यायला?"

"चाय तो तुमीच पिलाती ना!"

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं या भांडतात. नंतर कळलं, पाय मिळवून चालायला ते बोलणं लागतं. एकीचं पाऊल पुढं गेलं तर कुंचा तिरका होतो आणि सूत गुंततं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारी माणसं आली आणि भिंतींवर तांबड्या रंगाच्या खुणा करून गेली. आमच्या ओट्याच्या मधोमध एक. खालांच्या घराला मात्र पार मागच्या भिंतीवर. त्याचा अर्थ असा, की आमचा निम्मा ओटा जाणार आणि खालांचं घरच जाणार. गावाबाहेर माळावर कारखान्यांची वसाहत व्हायची होती. मागवाल्यांनी तिकडं जागा घ्याव्यात, गावात राहावं आणि तिकडं काम करावं, असा बेत. आणि तिकडं मालमोटारी जायच्या तर रुंद रस्ता पाहिजे. तो रस्ता आमच्या गल्लीतून.

कुणी वाईट नव्हतं त्यात. नकाशा दाखवायला आले ते साहेब तर फार गोड बोलणारे. म्हणाले, "आजी, दिवे येतील, नळ येईल, मुलांना धंदा वाढवता येईल." ते सगळं खरंच आलं. अत्तम्मांनी एवढंच विचारलं, "आन् ताणा कुटं लावायचा?"

"तिकडं जागाच जागा आहे की आजी. माळच आहे."

तेव्हा अत्तम्मांच्या जिवात जीव आला. आमच्यासुद्धा.

जागा निवडायला हे, मी आणि अत्तम्मा बैलगाडीतून गेलो. सगळीकडं चुन्याच्या रेघा मारलेल्या. रस्त्यालगतचे तुकडे चौकोनी, मोक्याचे. लोक तेच मागत होते. अत्तम्मा उतरल्या आणि चालायला लागल्या. कुंचा ओढताना चालायच्या तशा, एका चालीनं. एक तुकडा चालून झाला की मान हलवायच्या आणि पुढच्यावर. अगदी मागं, नाल्याच्या कडेला, एक अरुंद आणि लांबच लांब पट्टी होती. ती चालून त्या थांबल्या आणि वळून बघत राहिल्या.

"साहेब, ह्यो द्या की."

"आजी, हा कुणी घेत नाही. मागं आहे, गाडी वळत नाही. पुढचा घ्या."

"पुढचा आखूड हाय."

आमच्याच गल्लीतला एकजण शेजारच्या तुकड्यावर उभा होता. तो हसला. "अम्मा, आगगाडी उभी करणार काय तितं?"

"तुझी वरात उभी करते. गप."

यांनीही आईचंच म्हणणं उचललं, मलाही पटलं. आम्हाला दुसरं माप माहीतच नव्हतं ना. जागा म्हणजे जिच्यात ताणा मावतो ती.

पावसाळा संपल्यावर गल्ली मोडली. खालांनी घरातला चुलीचा एक दगड उचलून पदराखाली घेतला आणि लेकाबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. जाताना दोघी रडल्या नाहीत. अत्तम्मा म्हणाल्या, "ताणा लागला की बोलावते." खाला म्हणाल्या, "बुलाव. आती मैं."

माळावर आमची शेड उभी राहिली. पहिला ताणा लावायचा म्हणून अत्तम्मांनी खळ शिजवली आणि पहाटे तपेलं मांडीवर धरून टेम्पोतून नेली. खालांकडं निरोप पाठवला होता, पण त्यांच्या घरून तिथं यायला वाहन नव्हतं. तिकडं राहतं कोण? कुणीच नाही. शेडी बंद, कामगार आठाला यायचे. हे, मी, अत्तम्मा आणि दोन गडी, एवढीच माणसं. गल्लीत शिंकलं तरी दहा माणसं बाहेर यायची. इथं कुंचा धरायला आम्ही, तर धागे सांधायला कुणी नाही. सांधायला बसलं तर टोक धरायला कुणी नाही.

तरी लावला. दुसऱ्या अंगाला मी कुंचा धरला होता. अर्ध्यात गेलो आणि वारा सुटला. गल्लीत आम्हाला वारा कधी आठवायचाच नाही, दोन्हीकडं घरं उभी असायची ना. इथं नाल्यापलीकडून नांगरटीची माती उठली आणि ओल्या सुतावर बसली. पांढरं सूत आमच्या डोळ्यांदेखत तांबूस झालं. फुल्या कलंडल्या. धागे आधी एकेक तुटले, मग पुंजक्या पुंजक्यानं. अत्तम्मांनी पदर पसरून सुतावर धरला. सांगा, एवढ्या लांबीला एक पदर कितीसा पुरणार? तरी धरून उभ्या राहिल्या. "आई, सोडा आता," असं हे म्हणाले तेव्हा त्यांनी सोडला.

येताना कुंचा मांडीवर आडवा धरून बसल्या होत्या. कुंच्याचं दुसरं टोक माझ्या गुडघ्यावर येत होतं.

मग विजेचे माग आले. खळ लावून, गुंडाळून, तयार सूत कारखान्यातून यायला लागलं. चादरी चांगल्या निघाल्या, दिवस बरे आले, खोटं कशाला बोलू. शेडच्या मागची लांब जागा तशीच पडून राहिली. तिथं बाभळी उगवल्या. अत्तम्मा परत कधी तिकडं गेल्या नाहीत. माग शेडमधे गेलेले, घरात आता आवाज नव्हता, म्हणून त्यांना झोप नव्हती. निम्म्या उरलेल्या ओट्यावर बसून मालमोटारी बघत राहायच्या. एकदा एका ड्रायव्हरनं भोंगा वाजवून म्हटलं, "म्हातारे, पाय आत घे." त्यांनी पाय आत घेतले. पूर्वीच्या अत्तम्मा असत्या तर त्याला तीन भाषांत ऐकवलं असतं.

पुढं एका हिवाळ्यात खाला भेटायला आल्या, नातवाचा हात धरून. रस्त्यापलीकडं उभ्या, मधे वाहनं. दोघी एकमेकींना हाका मारताहेत आणि दोघींना काही ऐकू येत नाही. शेवटी मी जाऊन त्यांना पलीकडून आणलं. बसल्यावर खालांनी रस्त्याकडं बोट केलं. "देखो अम्मा, मेरे चूल्हे पे से ट्रकां जातीं."

अत्तम्मा हसल्या. किती दिवसांनी! मग खालांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताणा लावू या की गं."

खालांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "हौ अम्मा," खाला म्हणाल्या. "कल लगाएंगे. मैं रुकती आज."

संध्याकाळी अत्तम्मांनी खळ शिजवली. मी पीठ काढून दिलं, तेल दिलं. सूत कुठून आणायचं, कुठं लावायचं, ते कुणीच विचारलं नाही. हेही जेवून उठले.

उजाडायच्या आधी तिघी ओट्यावर येऊन बसलो. तपेलं मधे. अत्तम्मांनी दोन बोटं बुडवली, लांब करून बघितली. खळ अगदी पूर्वीसारखी जमली होती. मी त्यांच्या "हं"ची वाट बघत होते. कडुनिंब होता तिथं आता खांब होता, त्यावरचा दिवा विझला. पहिली मालमोटार गेली, मग दुसरी. खळीवर साय धरायला लागली. खाला मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

बऱ्याच वेळानं अत्तम्मांनी बोटं पदराला पुसली.

"वारा लई हाय आज," त्या म्हणाल्या. "नको लावायला."

"हौ अम्मा," खाला म्हणाल्या. "हवा है."

वारा नव्हता. समोरच्या दुकानावरचा कापडी फलक जरासुद्धा हलत नव्हता. मी तपेलं उचलून आत नेलं.